हो की नाही

अ‍ॅव्होकाडोच्या झाडाचा खटला चालू होता. शेजाऱ्याने शेजाऱ्याचं झाड तोडलं होतं, भर दुपारी, करवत मागून आणून, आणि आता म्हणत होता की झाड आपणहून पडलं. "आपणहून पडलं," टीव्हीच्या कोर्टातल्या जजच्या खुर्चीवरून ओडेसा म्हणाली. "पडता पडता स्वतःचे तुकडे केले, फांद्या एका बाजूला रचल्या, वर ताडपत्री ओढून घेतली. फारच समजूतदार झाड हो." लोक हसले. हसणारच, हसण्यासाठीच त्यांना आणून बसवलेलं असतं. अशा वेळी ती चष्म्यावरून एकदा प्रेक्षकांवर नजर फिरवायची, मग ती नजर सावकाश समोरच्या माणसावर आणायची आणि विचारायची, "कहाणी पुरे. केलंस का? हो की नाही?" सतरा मुलखांतले लोक या एका प्रश्नासाठी दुपारी जेवण सोडून टीव्हीपुढे बसत. आज नजर फिरता फिरता तिसऱ्या रांगेत अडकली. कडेहून दुसऱ्या खुर्चीत तपकिरी कोटातला एक माणूस हसत नव्हता. न हसणारे असतात. कुणाची दाढ दुखत असते, कुणी बसल्या जागी झोपतो, मग प्रेक्षक सांभाळणारी निल्डा मागून येऊन त्याला ढोसते. पण हा जागा होता. पन्नाशीचा काळा माणूस, कानशिलं पांढरी झालेली, डाव्या भुवईत केस न उगवणारी एक फट. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा तो तिच्याकडे बघत होता, रागाने नाही की कौतुकाने नाही. आणि ती फट ओडेसाने पाहिली होती, कधीतरी अगदी जवळून पाहिली होती. तोंडाशी आलेलं पुढचं वाक्य गेलं ते गेलंच. तिने झाडवाल्याला तोच प्रश्न पुन्हा विचारला, मग आणखी एकदा विचारला, आणि तो बिचारा गांगरून 'हो' म्हणून बसला. आत यंत्रांच्या खोलीत सगळे खूश झाले असतील. काय दाबून धरलं म्हातारीने, म्हणाले असतील. दाबून कुठलं धरतेय, तिची जीभ टाळ्याला चिकटली होती.

पुढच्या खटल्याला तो माणूस पाचव्या रांगेत होता, निळ्या स्वेटरमध्ये. त्याच्या पुढच्याला दुसऱ्या रांगेत, गळ्याला टाय. यात भुताटकी काही नव्हती, हे ओडेसाइतकं कुणाला ठाऊक नसेल. एका दिवसात ढीगभर खटल्यांचं चित्रण उरकायचं आणि घरी बघणाऱ्याला मात्र ते निरनिराळ्या दिवसांचे वाटायला हवेत, म्हणून दोन खटल्यांच्या मध्ये निल्डा येते, एका हातावर कोट आणि स्वेटरांची चळत घेऊन, आणि माणसं हलवते. तू इकडे, तू तिकडे, तुम्ही टोपी काढा, बाईसाहेब तुम्ही ही शाल घ्या. इतकी वर्षं हे तिच्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि त्यातल्या एकाचंही तोंड तिने कधी नीट पाहिलं नव्हतं. पण ठाऊक असून काय उपयोग. भीतीला कुठे ठाऊक असतं. ती समोरच्या कागदात डोकं घालायची, वर बघितलं की तो दुसरीकडे. मुलं एकाला भिंतीकडे तोंड करून उभं करतात आणि त्याची पाठ फिरली की गुपचूप एकेक पाऊल पुढे सरकतात, तसं चाललं होतं. संध्याकाळच्या शेवटच्या खटल्याला तो पहिल्या रांगेत आला. मध्ये फक्त लाकडी कठडा, आणि कठडा प्लायवूडचा होता.

चित्रण संपल्यावर ती आपल्या खोलीत जाऊन बसली. आरशाभोवतीचे दिवे मालवले आणि दाराची कडी लावायला गेली तर कडी गंजलेली, सरकेचना; कधी वापरलीच नव्हती. घशाला कोरड पडली होती, पण पाण्याच्या बाटलीचं झाकण आधीच कुणी उघडलंय की काय असं वाटलं, म्हणून प्यायली नाही. मग स्वतःचाच संताप आला. लोक आपल्यावर जीव टाकतात, तिने स्वतःला बजावलं. बाजारात भाजी घेताना बायका गळ्यात पडतात, म्हातारे टोप्या काढतात. खरंच होतं ते. पण ज्यांना तिने त्या कठड्यामागे उभं करून सोलून काढलं, ते घरी जाऊन काय करतात? एका न्हाव्याला ती असं काही बोलली होती की त्याचं ते पडलेलं तोंड लोक अजून फोनवर एकमेकांना पाठवतात. एकदा पेट्रोल पंपावर एका पोराने तिच्या गाडीच्या काचेवर सोड्याचा अख्खा ग्लास ओतला होता आणि वाकून विचारलं होतं, ओळखलंस का मला? ओळखलं नव्हतं. निकाल दिला की ती माणूस विसरून जायची. न विसरून कसं चालेल, पुढचा दारात उभाच असतो. आता मात्र कुठल्या तरी एका माणसाला आपण काहीतरी केलंय आणि काय केलंय ते त्याला माहीत आहे, आपल्याला नाही, या विचाराने तिच्या मानेवर घाम आला. त्याच्या खिशात काय असेल? दाराशी झडती होते म्हणतात. पण झडती घेणारा पोरगा फोनमध्ये डोकं घालून बसलेला असतो, तिने रोज पाहिलेलं.

आणि मुळात ती जज नव्हतीच. कुणी तोंडावर म्हटलेलं तिला खपायचं नाही, पण खोटं कसं म्हणणार? दोघं भांडणारे, आधी लिहून द्यायचे की ही बाई सांगेल ते आम्हाला मान्य, आणि ही बाई सांगायची. बस, एवढंच. बाप शहराच्या बसवर ड्रायव्हर, आई चर्चमधल्या गाणाऱ्यांचे झगे शिवायची. ओडेसा संध्याकाळच्या वर्गांना जाऊन वकील झाली, शहराच्या दक्षिणेकडच्या फौजदारी कोर्टात सरकारी पगारावर गरीब आरोपींच्या बाजूने उभी राहणारी वकील झाली, आणि तशीच म्हातारी झाली असती. पण एका साली शहरात एक गाजलेला खटला चालू होता आणि इथल्या एका वाहिनीला, लोकांना समजेल असं बोलणारी काळी वकीलबाई हवी होती. ती बोलली. लोक हसले, मग आणखी बोलली. वर्षभरात कुणीतरी तिच्या अंगावर काळा झगा चढवला आणि हातात हातोडी दिली. आई तेव्हा होती. तिने पहिल्या दिवशी खांद्याची शिवण उलटून बघितली आणि म्हणाली, "कापड हलकं आहे गं. असू दे, टीव्हीवर कोण हात लावून बघणार आहे." आई थट्टेनेच म्हणाली होती. ओडेसाला मात्र पुढे किती वर्षं, त्या उंच खुर्चीवर चढताना, आता कुणीतरी येऊन हात लावून बघेल असं वाटायचं. मग ते वाटणं बंद झालं. आज ते जसंच्या तसं परत आलं होतं, भुवईत फट घेऊन.

पुढेही रोज तो कुठल्या ना कुठल्या रांगेत असायचाच. रविवारी चर्चहून ती बहिणीकडे गेली. अर्लीन तिच्याहून चार वर्षांनी लहान, दोन नवरे करून मोकळी झालेली, आणि अख्ख्या लॉस एंजेलिसात ओडेसाला न घाबरणारी एकटीच. चुलीवर गंबोचं दाट कालवण उकळत होतं, घरच्या पद्धतीचं, लुईझियानाहून येताना बापाने बाकी सगळं मागे ठेवलं पण ही पद्धत आणली असं आई म्हणायची. ओडेसाने टीव्हीवर स्वतःचेच जुने कार्यक्रम लावले आणि एकामागून एक पळवायला लागली.

"काय शोधतेस?" अर्लीनने विचारलं.

"एक माणूस."

"या वयात? बरं आहे."

"चेष्टा नको. भुवईत फट असलेला."

"माझ्या पहिल्याच्या भुवईत होती."

"त्याला मी ओळखते." ओडेसाने आवाज बंद केला. पडद्यावर ती बोटं नाचवून कुणाला तरी झापत होती. "अर्लीन, तो रोज येतो. एकटक बघत बसतो. मी त्याला काय केलं तेच आठवत नाही. मला भीती वाटते."

अर्लीनने डाव खाली ठेवला. "लोकांना घाबरवून तू पोट भरतेस, डेसा. एखादा उलटून बघायला लागला की लगेच हातपाय गाळायचे?" मग तिने बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. "काढून टाक की त्याला. तू एक शब्द टाकायचा अवकाश. रोजावर आलेला माणूस तो, उद्या दुसरीकडे जाईल. कशाला जीव टांगणीला लावून घेतेस?" ओडेसा हो म्हणाली. वाडगा पुढ्यात आला तरी तिचे डोळे पडद्यावरून हलेनात. माणसं येत होती, तोंड उघडत होती, तिच्या बोटाकडे बघून तोंड मिटत होती. केलंस का, हो की नाही. केलंस का, हो की नाही. आवाज नसतानाही तिला ऐकू येत होतं. भुवईत फट असलेला त्यात कुणी नव्हता. कुत्रेवाले होते, भाडेकरू होते, लग्नाचा केक वाकडा निघाला म्हणून आलेले होते, आणि सगळ्यांच्या मागे, रांगांमध्ये, ती न बघितलेली माणसं कोट बदलून पुन्हा पुन्हा बसलेली होती. दुपार कलली तसा तिने टीव्ही बंद केला. अर्लीनने गार झालेला वाडगा उचलून पुन्हा गरम करायला नेला.

सोमवारी तिने निल्डाला खोलीत बोलावून घेतलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. "तो होय, जज," निल्डा म्हणाली. "गिलरी. सोन्यासारखा माणूस. बाकीचे मेले उठता बसता सिगारेट फुंकायला पळतात, हा जागचा हलत नाही. अहो, मुतारीला जायचं तरी मला विचारतो. एवढा बाप्या माणूस, हात मागे बांधून उभा राहतो आणि म्हणतो, जाऊ का, मॅडम? मी म्हटलं, जा की बाबा, मी काय तुमची आई आहे?" निल्डा हसली. ओडेसाही हसली, आणि हसता हसता थंड पडली. गिलरी नावाने काहीच कळत नव्हतं, लहानपणी तिच्या गल्लीत दर चौथं घर गिलरींचं होतं. पण हात मागे बांधून परवानगी मागणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. सुटून आल्यावरही ते जात नाही. घरात बायकोला विचारतात, दार उघडू का. हा माणूस तुरुंगात होता, आणि थोडाथोडका नव्हता. पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. तिच्या या प्लायवूडच्या कोर्टातून आजवर कुणी तुरुंगात गेलेलं नाही, तसा तिला अधिकारच नाही. म्हणजे आपण याला काही केलेलं नाही. निल्डा जाईपर्यंत हे समाधान टिकलं. मग दुसरा विचार आला, की तुरुंगातून आलेल्या माणसाला आपल्याशी काम काय, आणि तिने उठून खिडकीचा पडदा ओढून घेतला.

त्या दिवसापासून तिला गरिबांच्या वकिलीची वर्षं आठवायला लागली, नको असताना. तिथे ऑफिस असं नव्हतंच, होता तो कॉरिडॉर. भिंतीला टेकून बाकं, बाकांवर माणसं, आणि तिच्या कमरेवर आवळून धरलेला फाइलींचा गठ्ठा. नाव पुकारायचं, माणूस उठला की त्याला कोपऱ्यात घ्यायचं, गुन्हा कबूल केला तर सरकारी पक्ष किती शिक्षेवर राजी आहे ते सांगायचं, कबुलीवर सही घ्यायची, पुढचा. खटला लढणं ही श्रीमंतांची चैन होती. लढून हरलात तर दुप्पट शिक्षा, कबूल केलंत तर निम्मी, हा तिथला हिशोब, आणि तो ती चांगला समजावून सांगायची, पोरं ऐकायची. तिला तिथलं काम शिकवलं टॉलिव्हर नावाच्या म्हाताऱ्या वकिलाने. तो पायाला सूज आली की बूट काढून मोज्यांवर कोर्टात फिरायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने तिला बाजूला घेतलं. "अशिलाला सगळं विचार," तो म्हणाला, "पण तू केलंस का, हे कधी विचारू नकोस. हो म्हणाला तर 'मी केलं नाही' म्हणायला त्याला साक्षीला उभा करता येत नाही. नाही म्हणाला तर तुझी झोप जाते. दोन्ही आपल्याला परवडत नाही." तिथे सगळे हेच पाळत. कुणी आपणहून सांगायला लागला तर ती हात वर करायची, मला नको सांगूस. आणि टीव्हीवर आल्यावर ती हाच एक प्रश्न विचारून मोठी झाली. घरी बसलेल्या लोकांना वाटायचं, ही बाई कशी सरळ मुद्द्याला हात घालते. तिला स्वतःलाही तसंच वाटायचं. विचारताना तिला छातीत मोकळं वाटायचं, ते का, हे तिने कधी शोधलं नव्हतं.

गुरुवारपर्यंत तिची पार रया गेली. निकाल देताना ती कागदावर बोट ठेवून वाचायला लागली. दोन्ही पक्षांचं ऐकून झालं की नकळत तिची नजर त्या माणसाला शोधायची, तो कुठल्या रांगेत आहे, त्याचं तोंड कसं झालंय, आणि ते बघितल्याशिवाय तिला बोलताच येईना. दाराशी उभा राहणारा हर्शेल, जो पडद्यावर कोर्टाचा शिपाई होता आणि पूर्वी खरोखर पोलिसात होता, त्याच्या हे ध्यानात आलं. दुपारच्या सुट्टीआधी तो तिच्या खुर्चीजवळ वाकला. "जज, तो दुसऱ्या रांगेतला तुम्हाला त्रास देतोय का? नुसती मान हलवा. जेवणानंतर दिसणार नाही." ओडेसाने मान हलवायला घेतली होती. समोर कठड्यामागे एक कोवळा पोरगा उभा होता, मावशीची गाडी न विचारता नेऊन खांबावर घातली असा आळ असलेला, आणि ती अजून त्याच्यावर कडाडायची होती. "उद्या सांगते," ती म्हणाली. आणि मग पोराकडे वळून तिने विचारलं, "केलंस का? हो की नाही?" पोराने तोंड उघडलं. दुसऱ्या रांगेतला माणूस पुढे झुकला, गुडघ्यांवर हात ठेवून, जणू उत्तर त्यालाच द्यायचं होतं. पोरगा काय म्हणाला ते तिला ऐकूच आलं नाही. तिने हातोडी आपटली, जेवणाची सुट्टी म्हणाली आणि कुणी काही विचारायच्या आत खुर्चीवरून उतरली.

स्टुडिओच्या मागच्या बाजूला तिच्या खोलीकडे जाणारा एक लांब बोळ आहे. एरवी तिथे माणसं नसतात, जेवणाची टेबलं पलीकडे अंगणात लागतात. ती झगा वर धरून झपाझप चालत होती, आता खोलीत जायचं, हर्शेलला बोलवायचं, सांगून टाकायचं, सुटायचं. वळणावर तो उभा होता. हातात सँडविचची पुडी, अजून न उघडलेली. ओरडलं तर अंगणात ऐकू जाईल का, मागे वळलं तर पाठ दाखवावी लागेल, आणि पाय तर जागेवर खिळलेले. तो मात्र पुढे आला नाही. तिला बघितल्याबरोबर तो चटकन वळला, भिंतीला लागून उभा राहिला, कपाळ जवळजवळ टेकवून, आणि तिला जाऊ देण्यासाठी वाट बघत राहिला. तुरुंगात अधिकारी जाताना कैद्याने असंच उभं राहायचं असतं. त्याची मान तिला मागून दिसली, कोटाची कॉलर उलटी मुडपलेली, निल्डाने घाईत चढवलेली. आणि त्या मानेकडे बघताना तिला पहिल्यांदा वाटलं की हा मला घाबरतोय.

"भिंतीकडे नका बघू," ती म्हणाली. "इथे तसं लागत नाही."

"सवय, मिस प्रुइट," तो वळत म्हणाला.

इथे तिला मिस प्रुइट कुणी म्हणत नव्हतं. इथे ती जज ओडेसा होती, आडनाव लोकांना माहीतही नव्हतं. "तुमचं काही माझ्यापुढे आलं होतं का?" तिने विचारलं. "काय होतं? भाडं? गाडी?"

"इथे नाही. तिकडे. तुम्ही माझ्या वकील होतात. कॉरिडॉरमध्ये." त्याने भुवईवर बोट फिरवलं. "तेव्हा इथे टाके होते. तुम्ही म्हणालात, पट्टी काढ, जजसमोर बरं दिसत नाही."

टाके आठवले. ताजे, काळ्या दोऱ्याचे, भुवई भादरून घातलेले. तिने स्वतः पट्टीचं टोक धरून ओढलं होतं, म्हणून तर इतक्या जवळून पाहिलेलं. टाक्यांखाली एका पोराचा चेहरा आठवला, पण नाव नाही, गुन्हा नाही. "किती झाली?" तिने विचारलं, आणि त्याने शिक्षेची वर्षं सांगितली. तेवढ्या वर्षांत तिने आई गमावली होती आणि बाकी सगळं कमावलं होतं. "तुम्हाला काय हवंय माझ्याकडून?" तिचा आवाज चिरकला. "पैसे हवेत? माफी मागू? काय ते एकदा सांगा. आठवडाभर मला घास गिळत नाहीये."

"अरे देवा," तो खरोखर ओशाळला. "मी घाबरवायला नव्हतो येत. काही नको मला." त्याने पुडी या हातातून त्या हातात घेतली. बोलायची सवय नसल्यासारखं तो थांबत थांबत बोलत होता. "तिथेही टीव्ही असतो. दुपारी सगळे तुम्हालाच लावायचे. मी सांगायचो, ही माझी वकील. पोरं हसायची, म्हणायची, हो, आणि राष्ट्राध्यक्ष तुझा मामा. मी बघत बसायचो. तुम्ही सगळ्यांना विचारता, मिस प्रुइट. झाडवाल्याला विचारलंत, केकवालीला विचारलंत. मला कुणी विचारलं नाही. पोलिसांनी नाही विचारलं, ते म्हणाले तूच. जजने विचारलं, पण ते कागदावरचं वाचून, आणि काय म्हणायचं ते तुम्ही आधी पढवून ठेवलेलं. आईनेसुद्धा नाही. ती घाबरायची, मी काय सांगेन म्हणून. बाहेर आल्यावर इथे माणसं लागतात असं कळलं. वाटलं, जाऊन बसावं. एखाद्या दिवशी तुमचं माझ्याकडे लक्ष जाईल आणि सवयीने विचाराल."

बोळाच्या टोकाला हर्शेल येऊन उभा राहिला होता. त्याने कमरेवर हात ठेवला आणि भुवया उंचावून तिच्याकडे पाहिलं. ती मान हलवू शकत होती. मान हलवली असती तर तो माणूस कुरकुर न करता गेला असता, भिंतीला लागून लागून गेला असता, आणि उद्यापासून सगळ्या रांगा तिच्या होत्या. तिने हर्शेलला हाताने थांब म्हटलं. तोंडात तो प्रश्न होता, इतकी वर्षं दिवसातून कितीदा तरी उच्चारलेला, झोपेतही आला असता, आणि आता तो बाहेर निघेना. हा हो म्हणू दे, ती मनातल्या मनात म्हणाली. लहानपणी आईशेजारी गुडघे टेकून मागायची तसं तिने मागितलं. देवा, हा हो म्हणू दे, मी केलं म्हणू दे, म्हणजे मी घरी जाईन.

"तू केलं होतंस का, क्लीव्हन?" तिने विचारलं. नाव कुठून आलं तिला कळलं नाही.

"नाही," तो म्हणाला.

पुढे काही सांगेल म्हणून ती थांबली, पण तेवढंच होतं. त्याने एक मोठा श्वास सोडला, खांदे खाली आले आणि तो अचानक दमलेला, म्हातारा दिसायला लागला. अंगणातून निल्डाची हाक आली, कोट बदलायला या म्हणून, तशी त्याने ओडेसाला मान लववली आणि तो निघून गेला. हर्शेल जवळ आला. "काही म्हणाला का तुम्हाला? बघू का?" ओडेसाने नाही म्हणून मान हलवली. ती भिंतीला टेकली. भीती जाईल असं तिला वाटलं होतं. ती गेली नाही, उलट आत आत उतरत चालली, कारण 'नाही' ऐकून तिला धक्का बसला नव्हता. नवीन काही ऐकल्यासारखं वाटलंच नव्हतं. आणि मग तिला तो कॉरिडॉर सगळा दिसला, बाकं, जमिनीवर पडलेली पट्टी, टॉलिव्हरचे मोजे, पोराच्या गुडघ्यावर ठेवलेला दुकान लुटल्याच्या कबुलीचा कागद आणि तिने पुढे केलेलं पेन. सही करण्याआधी पोराने मान वर करून तिला विचारलं होतं, "कुठलं दुकान होतं ते?" आणि तिने फाइल उघडून त्याला पत्ता वाचून दाखवला होता, दोनदा, म्हणजे जजसमोर नीट सांगता यावा.